तीन धुराड्यांची बोट

मागच्या हिवाळ्यात माझा चुलतभाऊ आणि वहिनी मुंबईहून क्रूझला गेले. छोटीशीच ट्रिप, गोव्याच्या बाजूला जाऊन परत. निघायच्या दिवशी दुपारपासून फॅमिली ग्रुपवर फोटो यायला लागले, बॅलार्ड पिअरचं नवं टर्मिनल, बॅगा स्कॅन करायचं मशीन, मग पांढरीशुभ्र बोट, मग वरच्या डेकवरचा स्विमिंग पूल, मग पूलच्या कडेला गॉगल लावलेला भाऊ. सगळ्यांनी अंगठे आणि बदाम टाकले. रात्री उशिरा आत्याचा एक व्हॉइस मेसेज आला. आत्या पंच्याऐंशीच्या घरात आहे, टाइप करत नाही, फोन तोंडाजवळ धरून जे सांगायचं ते सांगून टाकते. ती म्हणाली, "छान आलेत हो फोटो. आमचे बाबा पण इथूनच जायचे बोटीवर. पण ह्या दारानं नाय. त्यांचं दार वेगळं होतं." एवढंच. मग फोन खाली ठेवल्याचा आवाज. त्यावर कोणी काही लिहिलं नाही, लगेच बुफेचे फोटो आले आणि तो मेसेज वर सरकून गेला. मी मात्र तो पुन्हा पुन्हा ऐकला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, दुःखही नव्हतं, एखाद्या जुन्या वाड्याची माहिती द्यावी तसा सूर होता. आणि तेच जास्त टोचत राहिलं.

आमचं गाव रत्नागिरीकडे, खाडीकाठी. तिकडे कुणाच्या घरी जाऊन "दादा कुठंयत" विचारलं तर "बोटीवर आहेत" हे उत्तर इतकं नेहमीचं होतं की त्यापुढे कोणी काही विचारत नसे. बोट म्हणजे कुठली, कुठे जाते, कधी येते हे घरच्या बायकांनाही नीट माहीत नसायचं. आजोबा आधी डेकवरचे खलाशी आणि शेवटी टंडेल, म्हणजे खलाशांवरचे मुकादम, झाले, माझ्या आठवणीत ते फक्त ओट्यावर बसलेले, पायाची बोटं रुंद फाकलेली, हातात सुतळी किंवा दोर काहीतरी असायचंच. बोलायचे कमी. पण बंदरांची नावं अशी घ्यायचे जशी आम्ही खेड, चिपळूण, संगमेश्वर घेतो, एडन, सुएझ, पोर्ट सैद, माल्टा, मार्सेल्स, टिलबरी. टिलबरीला लंडनची गोदी आहे. "लंडन बघितलंत का?" असं मी लहानपणी विचारलं होतं, त्यावर म्हणाले होते की गोदी बघितली, धुकं बघितलं, एकदा चहावाल्याचं दुकान बघितलं. आयुष्यातली कितीतरी वर्षं विलायतेच्या फेऱ्या केलेल्या माणसाची विलायत एवढीच होती.

मेसेजनंतर दोन-तीन दिवसांनी मी आत्याला फोन केला. म्हटलं, "आत्या, तू त्या दिवशी दार वेगळं म्हणालीस ते काय?" तर तिला स्वतःचा मेसेजच आठवेना, पण आजोबांबद्दल बोलायला लागली आणि मग थांबेना. बोटीचं नाव तिला पक्कं आठवत होतं, "स्ट्रॅथनेव्हर. पांढरी बोट. तीन धुराडी होती तिला, पण बाबा सांगायचे की धूर एकातूनच यायचा, बाकीची दोन नुसती शोभेची. आणि लढाईनंतर ती रंगवून परत आली तेव्हा तिला एकच धुराडं उरलं होतं." मला वाटलं वयामुळे काहीतरी सरमिसळ होतेय. मग शोधून बघितलं तर शब्द न् शब्द खरा. स्ट्रॅथनेव्हर ही पी अँड ओ ह्या ब्रिटिश बोट कंपनीची १९३१ ची बोट, बावीस हजार टनांच्या वरची, पांढरं अंग आणि पिवळसर धुराडी. तीन धुराड्यांपैकी फक्त मधलं कामाचं, पुढचं आणि मागचं पोकळ. जास्त धुराडी म्हणजे जास्त ताकद, जास्त वेग, असं तिकीट काढणाऱ्या माणसाला वाटायचं म्हणून ती बसवलेली. महायुद्धात तिने सैनिक वाहिले आणि १९५० ला परत प्रवासी घेऊन निघाली तेव्हा खरोखर एकच धुराडं ठेवलं होतं. समुद्रकाठच्या एका गावात, जिथे वीजसुद्धा पोचली नव्हती, तिथल्या एका लहान मुलीला हे माहीत होतं. कारण ज्याने ती धुराडी रंगवली त्याने तिला सांगितलं होतं.

त्या शोभेच्या धुराड्यांवरून मी ह्या बोटींच्या नादाला लागलो तो अजून सुटलेलो नाही.

पी अँड ओच्या चार बोटी होत्या, सगळ्या १९२५ च्या, सगळ्या साधारण साडेसोळा हजार टनांच्या, आणि चौघींची नावं आपल्याकडची: रणपुरा, रांची, रावळपिंडी, राजपुताना. लंडन ते मुंबई टपाल आणि प्रवासी नेण्यासाठी बांधलेल्या. त्या काळी मुंबईला बोट लागली की बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरूनच गाडी सुटायची, साहेब बोटीतून उतरून सामानासकट थेट डब्यात बसायचा आणि दिल्ली-पेशावरकडे निघायचा, फ्रंटियर मेल त्यासाठीच प्रसिद्ध होती. ह्यातल्या राजपुतानाचं नाव आपण सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. २९ ऑगस्ट १९३१ ला गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेला मुंबईहून निघाले ते ह्याच बोटीने. सेकंड क्लासने. मदनमोहन मालवीय होते, सरोजिनी नायडू होत्या, महादेवभाई देसाई, मीराबेन. सोबतच्या मंडळींचं सामान फार झालंय म्हणून गांधीजी रागावले आणि जादा पेट्या एडनहून परत पाठवायला लावल्या, हेही प्रसिद्ध आहे. त्याच्या पंधरवडाभर आधी, १५ ऑगस्टला, डॉ. आंबेडकर मुलतान नावाच्या बोटीने गेले होते, आणि पहिल्या परिषदेला आदल्या वर्षी ऑक्टोबरात व्हाइसरॉय ऑफ इंडिया ह्या बोटीने. आणखी मागे गेलं तर १९०६ साली सावरकर बॅरिस्टर व्हायला निघाले ती बोट पर्शिया, आणि १९१० साली मार्सेल्सला ज्या बोटीतून त्यांनी उडी घेतली ती मोरिया. सगळ्या पी अँड ओच्याच. म्हणजे ज्या साम्राज्याशी भांडायला आपली माणसं निघाली होती त्याच साम्राज्याच्या बोटीने ती जात होती.

गांधीजींचे राजपुतानावरचे फोटो मी पूर्वीही पाहिले होते, डेकवर बसलेले, भोवती माणसं. आत्याशी बोलल्यावर पुन्हा काढून बघितले आणि ह्या वेळी मी गांधीजींकडे बघतच नव्हतो. मी कडेला बघत होतो. दोर गुंडाळलेले कुठे दिसतात का, डेक घासलेला किती स्वच्छ आहे, मागे कुणी उभं आहे का. कारण ह्या बोटी कुणी चालवल्या हे एकदा कळलं की फोटो तसाच राहत नाही. डेकवर आपल्या कोकण किनाऱ्याचे आणि गुजरातकडचे खलाशी. त्यांच्यावर सारंग, गळ्यात चांदीची साखळी आणि शिट्टी, साहेब हुकूम सारंगाला देणार आणि सारंग माणसांना. सारंगाखाली टंडेल, मग सुकाणी, मग सामान सांभाळणारा कसाब, आणि स्वयंपाकाला भंडारी. खाली इंजिनरूममध्ये पंजाब आणि सरहद्दीकडचे लोक, आगवाला, तेलवाला, आणि कोळशाच्या काळात कोयलावाला. वर जेवणाच्या हॉलमध्ये, केबिनमध्ये गोव्याचे बटलर आणि कुक. गोवेकरांची मुंबईत धोबीतलाव भागात गावागावाची कूड असायची, बोट मिळेपर्यंत तिथे राहायचं, पेटी तिथे ठेवायची, बोट लागली की निघायचं. रत्नागिरीकडच्या लोकांच्या गाळ्यांची गोष्ट फारशी वेगळी नव्हती. नोकरी मिळवून देणाऱ्या घाट सारंगाला पैसे चारल्याशिवाय नाव लागत नसे, हे आमच्या घरातही माहीत होतं. आजीची एक सोन्याची नथ त्यातच गेली असं आत्या म्हणते, आणि एवढं सांगताना मात्र तिचा आवाज बदलतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कायद्यात गोऱ्या खलाशाला बोटीवर राहायला माणशी १२० घनफूट जागा ठरवून दिलेली होती. आपल्या खलाशाला ३६. मी घरात टेप घेऊन मोजलं. तीन फूट बाय दोन फूट बाय सहा फूट. आमच्या बेडरूममधलं गोदरेजचं कपाट त्याहून फार लहान नाही. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या आसपास. आणि तरी १९३९ च्या सुमाराला ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या माणसांपैकी साधारण दर चौघांत एक आपला होता. त्यांच्याशिवाय बोट हलली नसती. ह्या सगळ्यावर मला राग येतो आणि त्याच वेळी त्या बोटींचे फोटो बघताना, ती लांबलचक पांढरी बाजू, ती ओळीने लागलेली गोल खिडक्यांची रांग, ते डौलात झुकलेलं नाक, मन हरखून जातं. आजोबांनाही असंच होत असणार असं मला वाटतं. बोटीबद्दल बोलताना ते "आमची बोट" म्हणायचे. कंपनीची नाही, साहेबाची नाही. आमची.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध लागलं आणि ब्रिटिश आरमाराने प्रवासी बोटी धडाधड ताब्यात घेतल्या. हे काही ऐनवेळी सुचलेलं नव्हतं, पहिल्या महायुद्धातही तेच केलं होतं, मोरियासुद्धा तेव्हा दवाखान्याची बोट झाली होती. लांब पल्ला, भरपूर जागा, बऱ्यापैकी वेग, मग काय, डेकवर तोफा बसवल्या की झाली लढाऊ बोट. निदान कागदावर. त्या चार बहिणींवर प्रत्येकी आठ सहा-इंची तोफा चढवल्या, त्याही जुन्या, आधीच्या युद्धाच्या जमान्यातल्या. तोफांना आणि विमानविरोधी बंदुकांना आकाश मोकळं मिळावं म्हणून मागचं धुराडं कापून टाकलं. ते तसंही शोभेचंच होतं. गालिचे काढले, पियानो उतरवले, पोटात रिकामी पिंपं भरली, म्हणजे भोक पडलं तरी बोट जास्त वेळ तरंगत राहील. पण लढाऊ जहाजाला असतं तसं जाड पोलादी चिलखत कुठून आणणार? उंचच्या उंच बाजू, लांबून दिसणारी, आणि आत सगळं लाकूडकाम. अशा पन्नासेक बोटी केल्या होत्या, त्यातल्या पंधरा गेल्या.

आणि तोफा चढल्या तेव्हा आपली माणसं उतरवली. आरमाराच्या नोकरीत रॉयल नेव्हीचे रिझर्व्हमधले आणि पेन्शनीत गेलेले लोक आले, थोडे जुने गोरे कर्मचारी तेवढे राहिले. ज्या सारंगाला बोटीचा प्रत्येक दोर हाताने माहीत होता तो धक्क्यावर.

रावळपिंडीचं काय झालं ते मला अजूनही शांतपणे वाचता येत नाही. तिला आइसलँड आणि फेरो बेटांच्या मधल्या समुद्रात गस्तीला लावलं होतं, जर्मनीकडे माल नेणाऱ्या बोटी अडवायला. कॅप्टन एडवर्ड केनेडी, साठीचे, निवृत्तीतून परत बोलावलेले. २३ नोव्हेंबर १९३९, तिथे त्या दिवसांत दुपारीच अंधारायला लागतं, त्या अंधुक उजेडात समोर दोन जर्मन युद्धनौका आल्या, शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउ. दोघींच्या मिळून अकरा इंचाच्या अठरा तोफा. थांबायचा इशारा झाला. केनेडी थांबले नाहीत. रावळपिंडीने तोफा डागल्या, एक गोळा शार्नहोर्स्टला लागलाही, पण तासाभराच्या आतच सगळं संपलं होतं, बोट टोकापासून टोकापर्यंत जळत होती. २३८ माणसं गेली. वाचली ती चाळीससुद्धा नाहीत. काही जर्मनांनी उचलली आणि अकरा जणांना दुसऱ्या दिवशी एका ब्रिटिश बोटीने उचललं, ती बोट चित्राल, हीसुद्धा पी अँड ओची, हीसुद्धा १९२५ ची, हिलाही घाईघाईने तोफा चढवलेल्या. मी नकाशा काढून बसलो होतो. रावळपिंडी आणि चित्राल, दोन्ही आता पाकिस्तानात, एक सपाटीवरचं लष्करी ठाणं आणि दुसरं हिंदुकुशातलं डोंगरी गाव. दोघांनाही समुद्र नाही. आणि त्यांच्या नावाच्या बोटी उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, एकीच्या जळालेल्या माणसांना दुसरी पाण्यातून काढतेय.

राजपुताना त्यानंतर दीड वर्षाने गेली. १३ एप्रिल १९४१, आइसलँडच्या पश्चिमेला, जर्मन पाणबुडी यू-१०८ च्या टॉर्पेडोने. व्यापारी काफिल्याची राखण करून परतत होती. चाळीसच्या वर माणसं गेली, २८३ जणांना लीजन नावाच्या विनाशिकेने वाचवलं. म्हणजे जिच्या डेकवर गांधीजी चरखा घेऊन बसले होते ती बोट आज अटलांटिकच्या तळाशी आहे, तोफांसकट. अहिंसेच्या माणसाला घेऊन गेलेली बोट दहाच वर्षांत लढाऊ बोट होऊन बुडाली, ह्यात काही अर्थ शोधावा असं मला वाटत नाही, बोटीला कोण विचारतो. पण आपल्या पुस्तकांत राजपुताना मार्सेल्सला पोचते आणि संपते. गांधीजी उतरले की पुढचं पान. आंबेडकर ज्या बोटीतून गेले ती व्हाइसरॉय ऑफ इंडिया, काय देखणी बोट होती, १९२९ ची, बोट ढकलणारे पाण्याखालचे पंखेसुद्धा विजेवर फिरणारे, आत पोहण्याचा तलाव, ती ११ नोव्हेंबर १९४२ ला अल्जीरियात ओरानजवळ बुडाली. सैनिक उतरवून नुकतीच निघाली होती म्हणून फक्त चार माणसं गेली. मुलतान तेवढी वाचली, १९५४ ला स्कॉटलंडमध्ये मोडीत निघाली. सावरकरांची पर्शिया तर पहिल्याच युद्धात, ३० डिसेंबर १९१५ ला क्रीट बेटाजवळ टॉर्पेडो लागून काही मिनिटांत गेली, साडेतीनशेच्या आसपास माणसं घेऊन, त्यात आपले खलाशी होते आणि गोव्याचे बटलर होते. त्या बोटीबद्दल इंग्रजीत जे काही वाचायला मिळतं त्यात कपुरथळ्याच्या महाराजांचे दागिने बुडाले, ते स्वतः मार्सेल्सला उतरले म्हणून वाचले, ह्याच्यावर पानंच्या पानं असतात. दागिने शोधायला समुद्रावर मोहीमही निघाली. खलाशांची नावं शोधायला कोणी निघालं नाही.

सैनिक वाहणाऱ्या बोटींवर मात्र आपली माणसं तशीच राहिली. स्ट्रॅथनेव्हर त्यातली. १९४० च्या सुरुवातीलाच ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक घेऊन इजिप्तकडे निघालेल्या काफिल्यात होती. आजोबा युद्धाबद्दल एकच गोष्ट सांगायचे, दिव्यांची. रात्री बोटीवर एकही दिवा नाही, विडी ओढायची नाही, खिडक्यांच्या काचांना काळा रंग, आणि इतकी हजारो माणसं आत असून बोट अशी काळोखात जायची की शेजारून दुसरी बोट चाललीय हे फक्त पाण्याच्या आवाजावरून कळायचं. त्यांना अंधाराची भीती नव्हती वाटत, शांततेची वाटायची, असं आत्या म्हणाली. स्ट्रॅथनेव्हरची धाकटी बहीण स्ट्रॅथॅलन डिसेंबर १९४२ मध्ये, त्याच ओरानच्या समुद्रात टॉर्पेडो लागून पेटली आणि दुसऱ्या दिवशी बुडाली, तिच्यावर हजारो सैनिक आणि नर्सेस होत्या, बहुतेक सगळे वाचले. त्या बातमीचा अर्धामुर्धा तुकडा गावात पोचला होता म्हणे, स्ट्रॅथ काहीतरी नावाची बोट बुडाली एवढाच. गावातले कितीतरी पुरुष कुठल्या ना कुठल्या स्ट्रॅथवर. तार कुणाला येते ह्याची वाट बघत अख्खा वाडा बसला होता. आजीने तेव्हापासून पोस्टमन दारात दिसला की आत जाऊन बसायची सवय लावून घेतली, ती मरेपर्यंत सुटली नाही, मनीऑर्डर आणणाऱ्या पोस्टमनसमोरसुद्धा ती कधी आली नाही. हे मी स्वतः पाहिलंय आणि तेव्हा मला ते का हे माहीत नव्हतं.

चार बहिणींतल्या उरलेल्या दोघींचं सांगायचं राहिलं. रांची युद्धातून वाचली आणि नंतर इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियात कायमचे राहायला जाणारे लोक नेत राहिली, १९५३ ला मोडली. आणि रणपुरा. मला ह्या चौघींत सगळ्यात जवळची वाटते ती रणपुरा, का ते नीट सांगता येणार नाही, बहुधा तिने सगळ्यात जास्त कामं केली म्हणून. १९३६ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनातून चीनच्या बादशहांच्या संग्रहातल्या अमूल्य वस्तू मायदेशी परत न्यायचं काम तिच्याकडे होतं, आणि ती जिब्राल्टरला वादळात रुतून बसली, वस्तू सगळ्या शाबूत राहिल्या. युद्धात तोफा घेऊन फिरली. मग आरमाराने तिला विकतच घेतलं आणि आतून पूर्ण बदलून रिपेअर शिप केलं, म्हणजे समुद्रावर चालणारं वर्कशॉप. दुसऱ्या जहाजांची मोडतोड जिथल्या तिथे दुरुस्त करायला लेथ, भट्ट्या, वेल्डिंग, सुट्या भागांची कोठारं. युद्धानंतर ती बरीच वर्षं माल्टाला होती. आरमाराच्या इतिहासात विमानवाहू नौका, विनाशिका, पाणबुड्या ह्यांचीच नावं येतात, पण तेल पुरवणारी, पाणी देणारी, शाफ्ट वाकला तर सरळ करून देणारी अशी एक बोट मागे उभी नसेल तर त्यातली एकही जागची हलत नाही. तिच्या नावावर लढाई नसते. तिच्यावर कुणी मेडल मिळवत नाही. रणपुरा १९६१ साली इटलीत ला स्पेझियाला भंगारात गेली, छत्तीस वर्षं काम करून. स्ट्रॅथनेव्हर पुढच्याच वर्षी हाँगकाँगला.

हा प्रकार त्यानंतर बंद झाला असंही नाही. १९८२ ला फॉकलंड बेटांसाठी युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटनने पुन्हा क्रूझच्या बोटी घेतल्या, कॅनबेरा, क्वीन एलिझाबेथ टू, आणि शाळकरी मुलांच्या सहली नेणारी युगांडा, तिची हॉस्पिटल शिप केली. कॅनबेरावर तर हेलिकॉप्टर उतरवायला स्विमिंग पूलवरच पत्रे टाकून जागा तयार केली. भावाचा पूलच्या कडेचा फोटो मी त्यानंतर पुन्हा बघितला. छान आहे तो फोटो, दोघंही खूश दिसतात, आणि त्यांनी खूश असावंच. आजोबांच्या नातवाने तिकीट काढून, पुढच्या दाराने, आपल्या पैशाने बोटीत चढावं ह्याचा मला मनापासून आनंद झाला होता, आत्यालाही झाला असणार. फक्त खाली इंजिनरूममध्ये आज कोण आहे, कुठल्या गावचा आहे, त्याची केबिन केवढी आहे, हे मी वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "भाऊजी, तिकडे आपल्याला सोडत नाहीत."

मस्जिद बंदरला, गोदीच्या बाजूला, इंडियन सेलर्स होम आहे. तिथे दोन्ही महायुद्धांत मेलेल्या आपल्या दर्यावर्दींचं स्मारक आहे, पहिल्या युद्धातले दोन हजारांवर, दुसऱ्या युद्धातले सहा हजारांवर, अशी माणसं ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही. मुंबईतल्या किती लोकांना हे माहीत असेल? मी इतकी वर्षं हार्बर लाइनने त्या स्टेशनवरून गेलोय. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवते, त्या ऑनलाइन बघता येतात, नाव, हुद्दा, बोटीचं नाव, मेल्याची तारीख. रात्री सगळे झोपले की मी त्या याद्या वाचत बसतो. खलाशी, आगवाला, भंडारी, सारंग. एका बोटीचं नाव टाकलं की एकाच तारखेची नावं ओळीने येतात, आणि नावांवरून कळतं की भाऊ असावेत, बापलेक असावेत, निदान एका गावचे तर नक्कीच, कारण सारंग आपल्या गावचीच पोरं भरायचा. म्हणजे बोट बुडाली की एका आळीतले पुरुष एकदम गेले. त्या याद्यांत आजोबा नाहीत, ते घरी परत आले, म्हातारे झाले, ओट्यावर बसून गेले. म्हणूनच ते कुठल्याच यादीत नाहीत. मेलेल्यांची निदान नोंद झाली, जे राबून परत आले त्यांचं काय उरलं, तर एका म्हाताऱ्या मुलीची आठवण आणि तीन धुराडी.

त्यांची पत्र्याची पेटी होती. त्यात डिस्चार्जची पुस्तकं, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदवह्या, होती हे आत्याला नक्की आठवतं, निळसर कव्हर, आत शिक्के, दर फेरीला एक ओळ. मोठ्या काकांनी जुनं घर उतरवून स्लॅबचं बांधलं तेव्हा माळ्यावरचं सगळं सामान बाहेर निघालं आणि त्यात पेटी गेली. भंगारवाल्याला दिली की पावसात भिजली, कुणालाच सांगता येत नाही. काकांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना घर बांधायचं होतं, गळकं छप्पर त्यांनीच सोसलं होतं. पण त्यामुळे स्ट्रॅथनेव्हरच्या आधी आजोबा कुठल्या बोटींवर होते हे मला आता कधीच कळणार नाही. १९३१ च्या ऑगस्टात ते मुंबईत होते की समुद्रावर, हेही नाही. मी उगाच मनात मांडत बसतो की राजपुतानावर असतील, गांधीजी बसले होते तो डेक त्यांनी पहाटे घासला असेल. असेलही, नसेलही.

हे वाचणाऱ्यांमध्ये कोकणातले, गोव्याचे, डोंगरी-मस्जिद बंदरकडचे कुणी असतील तर एवढं करा. माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात असं पुस्तक असेल तर ते आधी कोरड्या जागी ठेवा, लॅमिनेट करू नका, आणि प्रत्येक पानाचा खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढा, कोरी वाटणारी पानंसुद्धा. दर ओळीत बोटीचं नाव असतं, ते पुसट असेल तर त्याच्याजवळ एक लांब आकडा शोधा, तो बोटीचा ऑफिशियल नंबर. नाव वाचता नाही आलं तरी त्या नंबरवरून बोट सापडते, ती कुठे बांधली, युद्धात कुठे होती, कुठे बुडाली किंवा मोडली, सगळं. मग हुद्दा बघा, चढल्याची आणि उतरल्याची तारीख बघा. आणि घरात जे कुणी म्हातारं माणूस असेल त्याला त्या बोटीचं नाव मोठ्याने वाचून दाखवा, फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून.